मेलेल्या बाईला कोणी विचारलंच नाही

मी आजवर टॉकीजमध्ये मोजून चार पिक्चर पाहिले. तीन देवाचे आणि एक हा. देवाच्या तिन्ही पिक्चरमध्ये मला झोप लागली होती. ह्यात नाही लागली, ही ह्याची पहिली चांगली गोष्ट. बाकीच्या चांगल्या-वाईट गोष्टी लिहून ठेवते, कारण त्या पिक्चरबद्दल घरी कोणी मला विचारलं नाही आणि मी होऊन सांगणाऱ्यातली नाही. पोरीच्या जुन्या वहीत मागची पानं कोरी आहेत, तेवढी पुरतील.

आधी आम्ही गेलो कशाला, ते लिहिते.

पोरीला पाहायला मंगरूळपीरकडचे लोक आले होते. पोरगी वाशीमला नर्सिंग शिकते, दोन वर्षं झाली, एक राहिलं. पोरगा एका ऑफिसात कॉम्प्युटरवर बसतो. दोघांनी एकमेकांना पसंत केलं. पोहे सगळ्यांनी दोनदा घेतले, म्हणजे सगळं जमल्यासारखंच होतं. जाताना पोराची आई दारात चप्पल घालता घालता म्हणाली, "शिक्शन झालं तेवढं बस झालं. आमच्या घरी पाच मानसायच्या पोया असतात. सून दवाखान्यात गेली तं पोया काय डॉक्टर करन?" तिचा आवाज असा, की शेजारच्या गोठ्यातल्या गाईनं मान वळवली. माझ्या मालकानं नुसती मान हलवली. गाईनं आणि मालकानं, दोघांनीही.

त्या संध्याकाळी पोरगी चुलीजवळ येऊन बसली.

"आई, बाबा काई बोलनार नाई. त्यायले स्थळ आवडलं."

"तुले नाई आवडलं?"

"मलेही आवडलं. पन मी कोर्स सोडनार नाई. मी बोलली तं म्हनतीन पोट्टी आगाऊ हाये. तू बोल."

"मी?"

"एकच वाक्य हाये. 'पोरीचं एक वर्ष राह्यलं, थे पूरं करू द्या.' म्हन."

मी म्हटलं. तिनं माझ्याकडून चार वेळा म्हणून घेतलं, जसं पहिलीच्या पोराकडून पाढे घेतात. मी दुकानात साखर घ्यायला गेले तरी आधी दुकान रिकामं होऊ देते, मग आत जाते. अशी मी, आणि त्या बाईला सांगणार होते. दुसऱ्या दिवशी मी ते वाक्य म्हशीसमोर म्हणून पाहिलं. चांगलं जमलं. म्हैस बोलत नाही म्हणून जमलं, हे मला तेव्हाच कळलं होतं.

साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, पुढच्या रविवारी ठरलं होतं. त्याच्या आत बोलणं झालं पाहिजे, नाहीतर साक्षगंधात लग्नाची तारीख निघते, आणि तारीख निघाली की कोर्स गेलाच. तेवढ्यात पोराकडून निरोप आला: साक्षगंधाआधी दोघांना एकदा बोलू द्या, वाशीमला पिक्चर पाहू, सोबत दोघांच्या आया असू द्या. पोरगी म्हणाली, "पाय, देवानंच धाडलं. बाजूले बसजो अन् बोलजो."

मालेगावहून बस धरून आम्ही पावणेबाराला टॉकीजवर पोचलो. पोरगा आणि त्याची आई आधीच उभे होते. पोरानं वाकून नमस्कार केला. पोरगा चांगला आहे, पण पिक्चर निवडायची अक्कल त्याला नाही. होणाऱ्या बायकोला आणि सासूला घेऊन माणूस कसला पिक्चर निवडतो? पोस्टरवर काळा कोट घातलेला एक गोरा माणूस, त्याच्यामागे आग, आणि आगीत एका बाईचं तोंड. पोराच्या आईनं विचारलं, "हा कायचा पिक्चर हाये रे?"

"सुपरहिरोचा हाये आई. हिंदीत केला हाये."

"थे बाई मेली हाये का?"

"थोडीशी," पोरगा म्हणाला.

बसायच्या वेळी पुन्हा गोंधळ. बोलायचं होतं त्या दोघांना. पण पोरा-पोरीला शेजारी बसवायचं तर लोक काय म्हणतील, म्हणून मधे दोन आया बसल्या. एका टोकाला पोरगा, मग त्याची आई, मग मी, मग माझी पोरगी. बोलायला आलेले दोघं चार खुर्च्यांच्या दोन टोकांना, आणि ज्यांना बोलायचं नव्हतं त्या दोघी एकमेकींच्या मांडीला मांडी लावून. पोरगी मला कोपरानं ढोसत होती. मी पडद्याकडे पाहत होते. पडदा अजून पांढराच होता.

आता पिक्चर.

हिरो आग विझवणाऱ्या गाडीवर काम करतो. एका जळत्या घरात तो शिरतो आणि तिथं जळून मेलेली एक बाई त्याच्या अंगात येते. त्या दिवसापासून त्याला आग लागत नाही, तो मोटार उचलतो, भिंतीतून जातो. पण रोज थोडा थोडा तो तिचा होत जातो. ती त्याच्या तोंडून बोलते. ज्यांनी तिला जाळलं त्यांना शोधून मारते, आणि सकाळी उठून हा आपल्या हातांकडे पाहतो. एवढीच गोष्ट. गोष्ट चांगली आहे. मी खोटं कशाला लिहू.

सुरुवातीची दहा मिनिटं तर मी पदराचा बोळा करून तोंडात धरला होता. एक लांब, रिकामं घर. काहीच होत नाही. फक्त चुलीवर ठेवलेल्या किटलीत पाणी उकळतं आणि ते काढायला कोणी येत नाही. मला त्याचीच भीती वाटली. घरात बाई असती तर तिनं किटली उतरवली असती. पाणी उकळून सांडतं, म्हणजे बाई नाही. ज्यानं हे सुचवलं त्याची आई स्वयंपाकघरात फार राहत असणार.

आणखी एक चांगलं. हिरो शर्ट घालतो, बाहीतून हात बाहेर काढतो, आणि त्याच बाहीतून मागोमाग दुसरा हात बाहेर येतो. बाईचा, जळालेला, बांगडीसकट. रक्त नाही, किंचाळणं नाही. एका बाहीत दोन हात. मी आठ दिवस ब्लाउज घालताना आधी बाहीत पाहून घेत होते.

आणि हिरो स्वतःला भितो हे मला आवडलं. झोपताना तो आपला हात खाटेला बांधून ठेवतो. आपल्या पिक्चरमधले हिरो कशालाच भीत नाहीत, म्हणून त्यांची काळजी वाटत नाही. याची वाटली.

आता वाईट. पहिलं, अंधार. अंधार भीतीला लागतो हे मला मान्य, पण शेवटी अर्धा तास मारामारी चालली होती ती कोणाची कोणाशी, हे मला अजून माहीत नाही. आमच्याकडे लाइट गेल्यावर जेवढं दिसतं तेवढंही दिसत नव्हतं. दुसरं, आवाज. भिंत पडली तरी तेवढा आवाज आणि हिरोनं दार लावलं तरी तेवढाच. तिसरं, हिरो नको तिथं जोक करतो. समोर मुडदा उभा आहे आणि हा म्हणतो, "आप लाइन में आइए." पुढच्या रांगेतली पोरं हसली. मी नाही हसले. मुडद्याला तरी हसू आलं असेल का? चौथं, त्याचा तो लांब काळा कोट. आग विझवणाऱ्या माणसानं एवढा घोळदार कोट घालायचाच नसतो. आमच्याकडे थ्रेशरवर काम करणाऱ्याला साधा गमछासुद्धा गळ्यात ठेवू देत नाहीत.

पण सगळ्यात मोठी चूक वेगळीच. ती मला पहिल्या अर्ध्या तासातच दिसली आणि मग मला पिक्चर पाहणं अवघड झालं. त्या हिरोच्या अंगात बाई आली. डॉक्टर आला, फादर आला, एक जण यंत्र घेऊन आला, तारा लावल्या, सुई टोचली, लॅटिन की काय ते वाचलं. पण एवढ्या माणसांतून एकानंही तिला विचारलं नाही, की बाई, तू कोण, आणि तुला काय पाहिजे.

आमच्याकडे हे कोणत्याही पोराला माहीत आहे. अंगात आलं की आधी विचारायचं. हळदी-कुंकू लावायचं, लिंबू द्यायचं, आणि विचारायचं. येणारी काहीतरी मागते. तिला ते कबूल करायचं आणि जायच्या आधी तिच्याकडूनही शब्द घ्यायचा. शब्द दिल्याशिवाय पाणी द्यायचं नाही. तोंडातोंडी बोलणं होतं, देणं-घेणं होतं, आणि ती जाते. माझ्या सासूच्या अंगात वर्षातून दोनदा माय, म्हणजे देवी, यायची. विचारायचं काम माझ्याकडे होतं, कारण घरातल्या मोठ्या सुनेनंच विचारायचं अशी आमची रीत. सासूशी मी वर तोंड करून कधी बोलले नाही. तिला मी 'तुमी' म्हणायचे, तेही भिंतीकडे पाहून. पण माय आली की रीतीनं तिला 'तू' म्हणायचं असतं. मग मी घडाघडा बोलायचे. "माय, तू काहून आली? माय, तू काहून रागावली?" एकदा माझ्या सासूच्या मायनं लुगडं मागितलं, हिरवं, जांभळ्या काठाचं, आणि मालेगावच्या कोणत्या दुकानात टांगलं आहे तेही सांगितलं. मी तेव्हा कोणाला काही म्हटलं नाही. आणून दिलं. माय गेली आणि लुगडं सासू नेसली.

तर ही एवढी मोठी विलायतेतली माणसं, एवढी यंत्रं, आणि एक साधा सवाल नाही. तिला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, की मला जाळणारा अमुक आहे, त्याला पोलिसात द्या. इंटरवलच्या आत सगळे आपापल्या घरी गेले असते.

इंटरवल झाला. पोरगा समोसे आणायला गेला, पोरगी हात धुवायला गेली, म्हणजे मुद्दाम गेली. जाताना माझ्या कानात म्हणाली, "आता."

मी पोराच्या आईकडे वळले. ती पडद्यावरच्या जाहिराती पाहत होती. मी तोंड उघडलं. "पोरीचं," एवढं म्हटलं.

"काय?" ती म्हणाली.

पोरगा तेवढ्यात समोसे घेऊन आला.

"पोरीचं... समोसा गरम हाये," मी म्हटलं.

"गरमच पायजे," ती म्हणाली आणि तिनं माझा समोसा पण फोडून दिला, वाफ जावी म्हणून. पोरगी परत आली, माझं तोंड पाहिलं आणि खुर्चीत धपकन बसली. मला ढोसलंही नाही. ढोसलं असतं तर बरं वाटलं असतं.

इंटरवलनंतर ती जळालेली बाई हिरोला स्मशानात नेते. तिथं बाकीचे जळून मेलेले उठतात आणि वाजंत्री सुरू होते. पिक्चरवाल्यांनी कुठून तरी मोठा ढोल आणला होता, आणि त्याचा ठेका असा, की मी चमकलेच. सावकाश, सावकाश, मग दोन जोरात. आमच्याकडे मायच्या वेळी डफ वाजतो तो हाच ठेका. विलायतेत ह्यांना कोणी शिकवला देव जाणे.

माझ्या डाव्या मांडीला काहीतरी लागायला लागलं. पोराच्या आईचा गुडघा हलत होता. मग दोन्ही गुडघे. मग बांगड्या. मग तिच्या पोटातून आवाज निघाला, "हूंऽऽ, हूंऽऽ."

पुढच्या रांगेतला एक पोरगा दुसऱ्याला म्हणाला, "साउंड कडक बसवला हाये रे, मांगून आवाज येते."

ती उठून उभी राहिली. अंबाडा सुटला, केस तोंडावर आले आणि ती मागं-पुढं झुलायला लागली. पडद्यावर मुडदे झुलत होते, इथं ती. पोरगा लाजून पाणी पाणी झाला. "आई, बस ना. आई, पिक्चर हाये थो." माझी पोरगी म्हणाली, "बीपी असन, पाय वर करा." तिला शिकवलं तसं ती बोलली.

तेवढ्यात दारावरचा माणूस बॅटरी मारत आला. "ओ मावशी, खाली बसा, मांगच्यायले दिसत नाई." बॅटरीचा उजेड तिच्या तोंडावर पडला. त्यानं पाहिलं, बॅटरी बंद केली, चपला काढल्या आणि हात जोडले.

"माय आली हाये," तो मला म्हणाला. "इचारा कोनीतरी."

मी उठले. मला आठवत नाही मी उठायचं कधी ठरवलं. पायांना सवय होती, ते उठले. हळदी-कुंकू नव्हतं. मी पोरीला म्हटलं, "कुंकू पायजे." ती म्हणाली, "इथं कुठून आनू?" मग तिनं खाली मान घालून पर्समधून लिपस्टिक काढली. ती तिच्याकडे असते हे मला त्या दिवशी कळलं. ती गोष्ट मी नंतरसाठी ठेवली आणि मायच्या कपाळावर बोट ओढलं. गडद रंग होता, पुढं दोन दिवस गेला नाही म्हणे. लिंबू म्हणून दारवाल्यानं कँटीनमधून लिंबूसोड्याची बाटली आणली.

मी बाटली माझ्याकडे ठेवली आणि विचारलं, "माय, तू कोन?"

"मी माय हाव. वळखत नाई?"

"वळखलं माय. काहून आली?"

"बलावलं म्हनून आली. इथं हे काय हाये? मुडदे काहून नाचवून राह्यले?"

"पिक्चर हाये माय."

"अंधार काहून हाये? मले काई दिसून नाई राह्यलं."

म्हणजे अंधाराबद्दल माझं आणि मायचं मत एकच होतं.

दारवाला मधेच वाकला. "माय, माह्या पोट्ट्याचं लग्न कवा जमन?"

"त्याले आंघोय करायले सांग आधी," माय म्हणाली. तो मागं सरकला. खरं असावं.

ढोल चालूच होता. लोक आता पडद्याकडे कमी आणि आमच्याकडे जास्त पाहत होते. मागून कोणी ओरडलं, "ओ काकू, थोडं बाजूले व्हा, आमाले दोन्ही दिसू द्या." एरवी एवढ्या लोकांनी माझ्याकडे पाहिलं असतं तर मी खुर्चीखाली शिरले असते. पण मी माझ्या कामावर होते.

"माय, मले एक शब्द दे," मी म्हटलं.

"मांग."

"ह्या पोट्टीचं एक वर्ष राह्यलं शिकायचं. लग्न झालं तरी तिले शिकू देशीन का? नोकरी करू देशीन का?"

माय झुलायची थांबली नाही, पण हळू झाली. पडद्यावर ती जळालेली बाई किंचाळत होती, तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

"मी कोन देनारी?" माय म्हणाली.

"तूच. तुह्याच घरात येनार हाये थे."

"शिकन. मंग दवाखान्यात जाईन. मंग पाच मानसायच्या पोया कोन करन?"

सासूच्या मायनं लुगडं मागितलं तेव्हा मी गप्प राहिले होते. तेव्हा मी नवी होते. आता नव्हते.

"माय, तुले पोयायची काय पडली?" मी म्हटलं. "तू तं निवदाची एकच खातं."

माझ्या पोरीनं ओढणी तोंडात कोंबली. माय फक्त झुलत होती. मला वाटलं आता हिच्यातून ती बाईच बोलेल, विहीण, आणि साक्षगंध गेलं.

तेवढ्यात पलीकडून पोरगा म्हणाला, "मी करीन पोया."

मायनं केसांतून एक डोळा उघडला आणि त्याच्याकडे पाहिलं.

"मले येतात," पोरगा म्हणाला. आवाज बारीक झाला होता, पण बोलला. "रूमवर राहत होतो तवा शिकलो. गोल नाई होत, पन फुगतात."

"तुले येतात?" माय म्हणाली. "मंग घरी काहून नाई करत?"

"कोनी सांगतलंच नाई."

माझ्या हातात सोड्याची बाटली होती आणि माय तिच्याकडे पाहत होती. तिचा घसा सुकला असणार. मी बाटली आणखी जरा मागं घेतली.

"शब्द दे माय, मंग पानी."

"देल्ला," माय म्हणाली. "शिकन थे. नोकरी करन. जाय."

मी तिच्या ओठाला बाटली लावली. तिनं अर्धी संपवली, ढेकर दिला आणि खाली बसली. मी तिचे केस बांधून दिले. दारवाल्यानं चपला घातल्या आणि मागच्यांवर खेकसला, "चला, बसा खाली, काय पायता?" जसं काही झालंच नव्हतं.

थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले. "काय झालं वं बाई? पिक्चर सपला?"

"नाई. अर्धा तास हाये."

"मंग पाऊ," ती म्हणाली. आणि आम्ही तो अर्धा तास पाहिला, ज्यात काही दिसत नाही. शेवटी हिरो त्या बाईला आपल्या आतच कोंडून घेतो आणि पिक्चर संपतो. पोरगा म्हणाला, दुसरा भाग यायचा आहे. येईल नाही तर काय? विचारलं नाही तर ती परत येणारच.

बाहेर आल्यावर पोरानं आपल्या आईला सगळं सांगितलं, रसवंतीवर उभं राहून. ती उसाचा रस पिता पिता ऐकत होती, जसं दुसऱ्या कोणाच्या घरचं ऐकावं. माणसाला त्या वेळचं काही आठवत नाही म्हणतात. माझी सासूही म्हणायची. ती एवढंच म्हणाली, "मायनं म्हतलं असन तं आपून कोन?" आणि कपाळ पुसून बोटाकडे पाहिलं. "हे काय लावलं वं?" माझी पोरगी बस पाहायच्या निमित्तानं लांब गेली.

मी मालकाला यातलं काही सांगितलं नाही. पोरगी म्हणाली सांगू नको, बाबा म्हणतील टॉकीजमध्ये तमाशा केला. पण माझ्या मनात धाकधूक होती. शब्द लग्नानंतरचा होता. लग्न उन्हाळ्यात झालं तर नव्या नवरीला कोण कशाचं शिकायला सोडतं? आज माहेरी जा, उद्या देवदर्शन, परवा पाहुणे. परीक्षेला कोणत्या तोंडानं बसणार? मायचा शब्द मोडणार नाही कोणी. पण शब्द न मोडताही वर्ष वाया घालवता येतं. हे मी त्या दिवशी विचारायचं विसरले होते. माझी चूक. सवाल अर्धाच केला.

रविवारी साक्षगंध झालं. दारात मांडव, सतरंजीवर पंचवीस-तीस माणसं, आम्ही बाया ओसरीवर. साडी-चोळी झाली, पोरगी आत जाऊन बसली. मग तारखेचं बोलणं निघालं. माझे मालक म्हणाले, "उन्हाळ्यात उरकून टाकू. पोरीचं शिक्शन काय, झालं तेवढं झालं."

पोराचे वडील हो म्हणायला तोंड उघडत होते. तेवढ्यात माझ्या शेजारून, ओसरीवरून, तोच आवाज गेला, जो ऐकून गाईनं मान वळवली होती.

"उन्हाळ्यात नाई. तिची परीक्षा झाल्यावर."

सगळे पुरुष इकडे पाहायला लागले. माझे मालक म्हणाले, "तुमीच तं म्हतलं होतं, शिक्शन बस म्हून."

"मी म्हतलं होतं. मायनं नाई म्हतलं. परीक्षा झाल्याबिगर हळद नाई, असं मायनं सांगतलं."

पोराच्या वडिलांनी विचारलं, "कवा सांगतलं?"

"टॉकीजमधी."

कोणीतरी हसलं आणि मग ते हसणं खोकल्यात नेलं. मालक माझ्याकडे पाहायला लागले. मी पानाचं ताट धरून बसले होते आणि ताटाकडे पाहत होते. मायनं असं म्हटलं नव्हतं. हळदीचा विषयच निघाला नव्हता. मला एकेक अक्षर आठवत होतं, मीच विचारणारी.

"मले काय याद राह्यते?" ती म्हणाली. "इचारा इहीनबाईले. सवाल यायनंच केल्ते."

पहिल्यांदा तिनं मला इहीनबाई म्हटलं. पोरगा सतरंजीचा धागा ओढत होता. दारामागे माझी पोरगी उभी होती, मला तिच्या पायाची बोटं दिसत होती. तीस माणसं माझ्या तोंडाकडे पाहत होती, आणि इथं ढोल नव्हता, अंधार नव्हता, कोणाच्या अंगात काही आलं नव्हतं. मी विहिणीकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती सुपारी कातरत होती, सावकाश, मी बोलेपर्यंत जणू तिला दुसरं कामच नव्हतं.

"म्हतलं होतं," मी म्हटलं.

"पक्कं?" मालकांनी विचारलं.

"पक्कं," मी म्हटलं. "दोनदा म्हतलं."

पोराचे वडील म्हणाले, मग मायच्या पुढे कोण जाणार, आणि तारीख परीक्षेनंतरची धरली.